सातपुड्यातला साग: रानाचा की रोपवनाचा?

झाडोरा (वाचकांचे प्रश्न)

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच वळणाची निघाली. कुणाला साग, कुणाला गोरखचिंच, कुणाला कपाशी. पण विचारणं एकच. शिरपूरकडच्या भाऊंनी तर पत्राच्या डोक्यावरच लिहिलंय, ‘‘हाई झाड आम्हनं शे का भाईरनं?’’ (हे झाड आमचं आहे की बाहेरचं?) म्हणून बाकीची पत्रं, म्हणजे लिंबावरचा खैऱ्या आणि तुळशीवरचा मावा, पुढच्या अंकात घेतो. मावा तोवर कुठे जात नाही.

प्रश्न: सर, नमस्कार. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय आणि मी व्यवस्थापन समितीत आहे. वरच्या अंगाला जुनं सागाचं रान आहे, खाली वनखात्यानं पूर्वी लावलेला साग. मोकळ्या उतारावर आता सागासकट मिश्र लावण करायची आहे. तरुण पोरं म्हणतात बी वरच्या रानातलंच घ्या, खालचा साग बाहेरच्या बियाण्याचा आहे. म्हातारी माणसं म्हणतात, साग तो साग. डीएनए तपासून मूळचा आणि आणलेला साग वेगळा काढता येतो का? काय द्यायचं, कुठे द्यायचं?
एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर: भाऊ, काढता येतो, पण दर वेळी नाही, आणि एका झाडाचं एक पान पाकिटात घालून पाठवलं तर कधीच नाही.

पुष्कळांना वाटतं की प्रयोगशाळेत पान दिलं की रक्तगटासारखा कागद हातात येतो: ‘मूळ रहिवासी’ किंवा ‘उपरा’. बाजारात ‘डीएनए बारकोड’ नावाची जी तपासणी मिळते ती फक्त जात ओळखते. वनस्पतींसाठी हरितलवकातल्या आरबीसीएल आणि मॅटके या दोन जनुकांचे तुकडे वाचावेत, असं या विषयातल्या मंडळींनी 2009 साली ठरवलं. तुमच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही झाडांचा बारकोड काढला तर उत्तर येईल, ‘टेक्टोना ग्रँडिस, म्हणजे साग’. ते तुमच्या म्हाताऱ्यांनी फुकट सांगितलंय. तुमचा प्रश्न एक पायरी खालचा आहे: जात एकच, पण घराणं कोणतं?

घराणं शोधायला झाडात दोन वेगळी दप्तरं असतात. एक हरितलवकातलं डीएनए. बहुतेक सपुष्प वनस्पतींत ते फक्त आईकडून, म्हणजे बियांतून पुढे जातं. परागाचा त्यात वाटा नसतो. दुसरं केंद्रकातलं, ते आई-बाप दोघांकडून येतं. सागाचं फळ जड, कठीण कवचाचं. फुगलेल्या कागदासारख्या पिशवीत बसून ते बहुधा झाडाच्या आसपासच पडतं, फार तर ओढ्याच्या पाण्यानं थोडं खाली सरकतं. त्यामुळे आईकडची वळणं, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक खुणा, हजारो वर्षं त्या त्या मुलखात टिकून राहतात. परागाचं तसं नाही. ते किडे नेतात, तेव्हा बापाकडचं नातं जरा लांबवर पसरतं. केंद्रकातल्या डीएनएत अभ्यासक मुख्यतः मायक्रोसॅटेलाइट बघतात. दोन-चार अक्षरांचा तुकडा एकामागे एक किती वेळा आलाय, एवढंच मोजायचं. कुणात बारा वेळा, कुणात सतरा वेळा. अशा दहा-पंधरा जागा मोजल्या की कोण कुणाच्या जवळचा, ते बऱ्यापैकी उकलतं.

सागावर हे काम झालेलं आहे. नैसर्गिक साग भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढ्याच देशांत आहे. जावा बेटावरचा आणि आफ्रिकेतला साग माणसानं नेलेला. तो कुठून नेला, याच्या लेखी नोंदी अर्धवट होत्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायक्रोसॅटेलाइट ताडून पाहिले, तेव्हा आफ्रिकेतल्या कित्येक देशांतला साग मुख्यतः उत्तर भारतीय गटाशी जुळला आणि इंडोनेशियातला मध्य लाओसच्या सागाशी. हे कळलं याचं कारण ताडून पाहायला मूळ देशांतल्या रानांचे नमुने हाताशी होते. तुमच्याकडेही नेमकं हेच लागेल. वरच्या रानातली झाडं, खालच्या रोपवनातली झाडं, आणि शिवाय जिथून बी आलं असण्याचा संशय आहे तिथली झाडं. तिसरी बाजू नसेल तर ‘खालचा साग वेगळा दिसतो’ एवढंच कळेल. कुठला, ते नाही.

वेगळेपणा कशावरून ओळखतात? शेजारी शेजारी उभी झाडं आईकडून अशी वळणं बाळगून असतील की जी एरवी शेकडो किलोमीटर लांबच्या रानात सापडतात, तर बी गाडीतून आलंय. किंवा शे-दोनशे झाडांच्या पट्ट्यात विविधता फारच थोडी निघाली, तर बी मोजक्या आयांचं गोळा केलेलं असणार. रोपवाटिकेला घाई असते. रस्त्याकडेच्या दोन-तीन भरघोस झाडांखाली पोती भरली की काम झालं. जुन्या रानात सहसा इतकी एकसारखी पिढी मिळत नाही.

आता अडचण. खालच्या रोपवनाचं बी शेजारच्याच डोंगरावरून आणलं असेल, तर डीएनएला ते लावलेलं आहे हे ओळखू येणार नाही. आपल्याकडे भाट येतो, वही उघडतो आणि तुम्ही कुणाचे, मूळ गाव कोणतं, ते सात पिढ्यांचं वाचून दाखवतो. पण ही जमीन तुमच्याकडे कशी आली, ते त्याच्या वहीत नसतं. त्याला तलाठ्याकडचे फेरफार काढावे लागतात. डीएनए ही भाटाची वही आहे. नातं सांगेल, व्यवहार सांगणार नाही.

म्हणून आधी फेरफार काढा. वनखात्याकडे जंगलाच्या प्रत्येक कक्षाचा (तुकड्याचा) इतिहास लिहिलेला असतो, कार्य आयोजनेत (जंगलातल्या कामांच्या आराखड्यात) रोपवनाचं साल असतं, रोपवन नोंदवही असते. समिती म्हणून लेखी मागा. बी किंवा साग-जडी (लावणीसाठी छाटलेली मूळ-खोडाची कांडी) कुठल्या रोपवाटिकेतून आली याची नोंद सापडली तर निम्मं काम झालं. मग डोळ्यांनी बघा. ओळी दिसतात का, सगळ्यांचा घेर सारखाच का, जुन्या बुंध्यांतून फुटलेली दोन-तीन खोडांची झाडं कुठे आहेत. जिथे सागाबरोबर अंजन, सालई, धावडा, तिवस, मोह असे लहानमोठे मिसळून उभे आहेत आणि खाली वेगवेगळ्या वयाची रोपं आहेत, तिथे लावणीची शक्यता कमी. जुन्या लाकूडतोडीत काम केलेली माणसं गावात असतील तर त्यांना घेऊनच हिंडा. कोणत्या साली कोणत्या उतारावर खड्डे मारले, ते त्यांना मजुरीच्या हिशेबासकट आठवतं.

एवढं करूनही तपासायचं ठरलं तर पानं कोवळी घ्या. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तेव्हा पावसाच्या तोंडावर पालवी फुटेल तो काळ बरा. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात हे तुम्ही लहानपणी केलं असेल. तो रंग आणि टॅनिनसारखी द्रव्यं डीएनएला चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेतल्या पोरांना रडवतात. म्हणून पान तोडल्याबरोबर फाडून सिलिका जेलच्या पिशवीत टाकायचं, म्हणजे ते झपाट्यानं सुकतं. निळ्या दाण्यांचं जेल असेल तर ते गुलाबी झालं की बदलायचं. पानं तशीच प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर मोटरसायकलच्या डिकीत ठेवली तर नमुना गेलाच समजा. प्रत्येक गटातून वीस-तीस झाडं तरी घ्या, आणि तीही एकमेकांपासून लांबलांबची. एका झाडाखालची पोरं म्हणजे एकाच घरचा नमुना. प्रत्येक पिशवीवर जागा, घेर, तारीख आणि रोपवन की रान, हे पेन्सिलीनं लिहा. शाई पुसते.

कुठे द्यायचं? खासगी प्रयोगशाळेच्या नादी लागू नका. त्यांच्याकडे सागाचे संदर्भ नमुने नसतील तर पैसे देऊन आकड्यांचा तक्ता तेवढा मिळेल. कोइमतूरला वन आनुवंशिकी आणि वृक्षपैदास संस्था आहे, जबलपूरला उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, केरळात पीचीला केरळ वन संशोधन संस्था. जळगावच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं संशोधन करणारा एखादा विद्यार्थी गाठला तर आणखी चांगलं: त्याला विषय मिळेल, तुम्हाला उत्तर. ग्रामसभेचा ठराव, वनखात्याची परवानगी आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंद हे तिन्ही आधी करा. नमुना तुमच्या रानातला आहे, तेव्हा निष्कर्षाची प्रत लोक जैवविविधता नोंदवहीत लागली पाहिजे, ही अट ठरावातच घाला.

जुने वाळवलेले नमुने किती उपयोगी पडतात याचं एक उदाहरण सांगतो, कारण ते मला फार आवडतं. तापीकाठी नळाची बनं दिसतात, त्याच्याच गोतातलं एक पाणगवत उत्तर अमेरिकेत मूळचंच होतं. विसाव्या शतकात ते एकाएकी दलदलींत मातलं. गवत तर तिथलंच, मग असं का वागतंय, हे कोडं. क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल या संशोधक बाईंनी 2002 साली त्याचा उलगडा केला. वनस्पतिसंग्रहांत ठेवलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांचं हरितलवकातलं डीएनए त्यांनी आजच्या गवताशी ताडलं. दिसायला तेच, पण पसरत होतं ते दुसरंच वळण, जुन्या जगातून (युरोप, आशिया, आफ्रिका या बाजूनं) आलेलं. त्यानं कित्येक ठिकाणच्या मूळ वळणाची जागा घेतली होती. वाळून चिकटवलेल्या काडीवर कुणीतरी शतकापूर्वी गाव आणि तारीख लिहून ठेवली होती, म्हणून हे जमलं. आपल्याकडे पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि आघारकर संस्थेत, मुंबईत झेवियर्समधल्या ब्लॅटर संग्रहात असे नमुने आहेत. महाविद्यालयांनी आपापल्या संग्रहातली कपाटं वाळवीच्या स्वाधीन केली नसती तर खानदेशचेही जास्त असते. असो.

तुमच्या लावणीबद्दल माझं मत विचाराल तर डीएनएसाठी थांबू नका. वरच्या रानातलं बी घ्या. केरळातल्या किंवा कोकणातल्या भरपूर पावसाच्या सागाचं बी आपल्या उघड्या मुरमाड उतारावर कशाला हवं? हिवाळा सरता सरता फळं पडतात. एकमेकांपासून लांब असलेल्या वीस-पंचवीस तरी झाडांखालचं सारख्याच मापाचं बी घ्या आणि मिसळा. सरळसोट देखण्या दोनच झाडांचं नको. काही दिवस रात्री भिजत, दिवसा उन्हात, असं आलटून पालटून केल्याशिवाय ते नीट उगवत नाही, हे तुमच्याकडच्या रोपवाटिकेतल्या बायांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि कुठल्या झाडांचं बी कुठे लावलं याचा एक साधा नकाशा काढून ठेवा. ‘देशी झाडे लावा’ म्हणून फलक लावणाऱ्या कितीतरी रोपवाटिकांना बी कुठलं विचारलं की उत्तर नसतं. देशी जातीचं, पण कुठल्या मुलखाचं? नाव देशी असलं की सगळं आलं, असं नाही.

खालच्या सागाचे पराग वरच्या रानात गेलेले असणार, हेही धरून चला. तिथल्या कोवळ्या रोपांत आईचं वळण रानाचं आणि बापाकडचं मिश्र, असं सापडू शकतं. म्हणून शक्यतो रोपवनापासून आत, डोंगराच्या पोटातल्या जुन्या झाडांचं बी धरा.

प्रश्न: आम्ही धुळ्याहून सहलीला मांडूला गेलो होतो. तिथे खूप जाड खोडाची झाडं आहेत आणि त्यांची फळं ‘मांडव की इमली’ म्हणून विकतात. गाइडनं सांगितलं की ही झाडं सुलतानाच्या काळात खुरासानातून आली. आमचे काका म्हणाले, एवढी जुनी झाडं म्हणजे ती इथलीच असणार. खरं काय?
एक वाचक, धुळे

उत्तर: दोघांचीही गाडी वेगवेगळ्या फाट्यावर चुकली. ते झाड म्हणजे गोरखचिंच, आफ्रिकेतलं बाओबाब. या प्रजातीच्या आठ जाती मानतात: सहा मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात आणि ही एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर. जुनेपणावरून मूळ ठरत नाही. शेकडो वर्षं उभं असलेलं झाडही कुणीतरी लावलेलं असू शकतं.

तुमच्या काकांच्या बाजूनं एक मुद्दा मात्र होता. याचं फळ कवचाचं, पाण्यावर तरंगणारं. मग समुद्रातून ते आपलं आपण फार प्राचीन काळी भारतात आलं असेल, असंही म्हणता आलं असतं. तसं असतं तर इथल्या झाडांनी एवढ्या काळात स्वतःची वेगळी वळणं घडवली असती आणि ती आफ्रिकेत सापडली नसती. कॅरन बेल, हरिप्रिया रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांचं डीएनए ताडून प्रसिद्ध केलं. भारतातली झाडं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या झाडांशी जुळली आणि इथली विविधता तिथल्यापेक्षा कमी निघाली, म्हणजे थोड्या बियांपासून वाढलेली. शिवाय सगळी एकाच ठिकाणाशी जुळली नाहीत. तेव्हा ती एका फेरीत आलेली नाहीत. हिंदी महासागरातल्या व्यापाराच्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आली.

सुलतानाला ती कुणी भेट दिली का, हे डीएनए सांगणार नाही. गाइडला गोष्ट सांगू द्या, त्याचं पोट त्यावर आहे. आणि पाहुणं झाड म्हणून कुऱ्हाड घेऊन धावायचं कारण नाही. ते इथे रान व्यापत सुटलेलं नाही, वटवाघळांना त्याची फुलं चालतात, आणि फळाचा आंबट गर तुम्ही खाल्लाच असेल.

प्रश्न: सर, माझ्या माहेरून देशी कपाशीचं म्हणून वाटीभर बी आलंय. शेजारी म्हणतात, आजकाल देशी कुठे राहिलंय, हेही बीटीच निघेल. डीएनए तपासावं का? खर्च किती येईल?
एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर: ताई, तपासणीचे पैसे वाचवा, परसात पाच-सहा बिया लावा. हे सागासारखं नाही. इथे जातीच वेगळ्या आहेत आणि त्या डोळ्यांना दिसतात. आपली देशी कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, गुणसूत्रं 26. अमेरिकन कपाशी, जिच्यात आपल्याकडे 2002 पासून बीटी आलं, ती गॉसिपियम हिर्सुटम, गुणसूत्रं 52. दोघींचा सहजासहजी संकर होत नाही. झालाच तर रोप वांझ निघतं. म्हणून शेजारच्या शेतातल्या बीटीनं तुमचं देशी बियाणं सरळ बाटेल ही भीती बाळगू नका. भेसळ होते ती जिनिंगात आणि पोत्यात.

देशीचं पान खोल कापलेलं, बोटं अरुंद. फूल बहुधा पिवळं, पाकळीच्या बुडाशी तांबडा डाग. बोंडाखालच्या हिरव्या पानोळ्या जवळजवळ अखंड, कडेला दोन-तीन बारीक दाते असले तर असले. अमेरिकनच्या त्याच पानोळ्या लांब लांब चिरलेल्या, झालरीसारख्या. पान रुंद, फूल सायीच्या रंगाचं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. बोंडं धरली की पुढच्या पत्राची गरज पडणार नाही. बीटी आहे का एवढंच बघायचं असेल तर पट्टीची साधी तपासणी मिळते. ती पानातलं बीटी प्रथिन ओळखते, त्यासाठी डीएनए लागत नाही.

शेजाऱ्यांना आणखी एक ऐकवा. अमेरिकन कपाशीच्या 52 गुणसूत्रांपैकी निम्मी आपल्या बाजूच्या, जुन्या जगातल्या कपाशीच्या नातलगाकडून आलेली आहेत, निम्मी अमेरिकेतल्या रानकपाशीकडून. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी बी समुद्र ओलांडून गेलं आणि तिकडे संकर झाला. तेव्हा माणूस शेती करत नव्हता.

प्रश्न: तापीकाठच्या गाळपेरात वेडी बाभूळ इतकी माजलीय की जमीन दिसत नाही. काही झाडं जास्त काटेरी, काही कमी. यात आपली शमी मिसळलेली असेल का? सरसकट उपटावी का?
एक शेतकरी, शहादा तालुका

उत्तर: शमी वेगळी काढायला डीएनए नको. शमीचे काटे लहान, फांदीभर विखुरलेले. वेड्या बाभळीचे लांब आणि बहुधा पानाच्या बेचक्यात जोडीनं. शमीची खूण करून ती राखा, दसऱ्याला लागेल.

काटेरी आणि कमी काटेरीमागचं कारण मात्र गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेतून आलेल्या या बाभळीच्या दोन जवळच्या जाती जगभर एकमेकींच्या नावानं लावल्या गेल्या: ज्युलिफ्लोरा आणि पॅलिडा. पानाफुलांवरून अभ्यासकही फसत. पुढे गुणसूत्रं मोजली, तेव्हा ज्युलिफ्लोरात 56 आणि पॅलिडात 28 निघाली. आता पेशीतल्या डीएनएचं वजन यंत्रावर मोजूनही फरक कळतो. तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही. दोन्ही बाहेरच्याच. कापून उपयोग होत नाही, बुडातून दुप्पट फुटते. जमिनीखालच्या गाठीसकट खणून काढा, पावसाळ्यानंतर ओल असतानाच. आणि शेंगा गुरांना खाऊ घालू नका. शेणातून बी सगळ्या शिवारात जातं.